४३ माणसं, ३७ मतं: एका ऑनलाइन सभेची गोष्ट

आमची माजी विद्यार्थ्यांची एक छोटी संस्था आहे, सभासद चार-पाच देशांत विखुरलेले, त्यामुळे वार्षिक सभा ऑनलाइनच होते. मागच्या वर्षीच्या सभेला मी नुसती श्रोता म्हणून होते आणि शेवटी डोकं धरून बसले. पहिली पंधरा मिनिटं "आवाज येतोय का", "तुमचा येतोय, माझा येतोय का", मग अहवालाचं वाचन, तेही शब्दन् शब्द, मग कुणाच्या तरी घरातून प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायला लागलं, मग दोन सभासदांचं आपसात जुंपलं, आणि नेमकं मतदान घ्यायच्या वेळी सभा धाडकन बंद, कारण फुकटचं अकाउंट होतं आणि त्याची वेळ संपली. नवीन लिंक पाठवेपर्यंत निम्मे लोक उठून गेले. ठराव एकही झाला नाही.

मी ग्रुपवर लिहिलं की हे जरा नीट करता येईल. जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं हे पक्कं माहीत असून लिहिलं. दहा मिनिटांत अध्यक्षांचा फोन, "मग यंदा तूच बघ. तीन आठवडे आहेत."

मला आधी वाटलं की हा सगळा तांत्रिक मामला आहे, पैसे भरून अकाउंट घेऊ, लोकांना माइक बंद ठेवायला सांगू, झालं काम. अकाउंट घेतलं, तो प्रश्न एका संध्याकाळी मिटला. बाकीचे वीस दिवस गेले ते वेगळ्याच गोष्टींत.

सगळ्यात आधी मागच्या सभेचा अजेंडा काढून बघितला. अकरा मुद्दे होते. त्यातले आठ असे की ज्यात कुणी काही ठरवायचंच नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं. अहवाल, हिशेब, आभार, कामांचा आढावा. आता जे वाचून समजतं ते ऐकायला त्रेचाळीस जणांना एकाच वेळी स्क्रीनसमोर का बसवायचं? मी खजिनदार ताईंना म्हटलं की हिशेब आठवडाभर आधी पीडीएफ करून पाठवू, शंका असतील त्या लोक लेखी विचारतील, तुम्ही लेखी उत्तर द्या, सभेत फक्त मंजुरी. त्यांना ते आधी पटलं नाही, "लोक वाचत नाहीत गं." खरंय, नाही वाचत. पण ऐकतही नाहीत, दुसऱ्या टॅबमध्ये मेल बघत असतात, एवढाच फरक. शेवटी सभेसाठी तीन मुद्दे उरले आणि तिन्ही मी प्रश्न म्हणून लिहिले. "कार्यकारिणीच्या मुदतीबाबत चर्चा" असं न लिहिता "कार्यकारिणीची मुदत दोन वर्षांवरून तीन वर्षं करायची का?" असं. हा बदल दिसायला फालतू आहे पण चर्चा भरकटली की "आपला प्रश्न हो की नाही एवढाच आहे" म्हणायला आधार मिळतो. "चर्चा" असं लिहिलं असतं तर कुणाला काय म्हणून थांबवणार?

मग तारीख. इथे मी स्वतः शेण खाल्लं. सभा मार्चच्या तिसऱ्या रविवारी ठेवली आणि ग्रुपवर "तुमच्याकडे इतके वाजता" अशी देशवार यादी टाकली, मेहनतीने, हाताने. ती यादी मी फेब्रुवारीत बनवली होती. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी, आणि कित्येक देशांत घड्याळ बदलतच नाही. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे असतात की अमेरिका आणि युरोप यांच्यातलं नेहमीचं अंतरच एक तासाने कमी होतं, आणि माझी सभा बरोब्बर त्या फटीत पडत होती. अमेरिकेतल्या एका सभासदाने विचारलं, "ताई, ही जुनी वेळ की नवी?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. यादी काढून टाकली आणि कॅलेंडरचं इन्व्हाइट पाठवलं, ते ज्याच्या त्याच्या घड्याळाप्रमाणे आपोआप वेळ दाखवतं, शिवाय लिंक त्यातच असते, सभेच्या पाच मिनिटं आधी "लिंक टाका ना कुणीतरी" असा ओरडा होत नाही. तरीही होतो, पण कमी होतो.

आता आवाजाकडे येते. चित्र गेलं तरी सभा चालते, आवाज गेला की सभा गेली. अध्यक्षांचा आग्रह होता की कॅमेरा सगळ्यांना सक्तीचा करायचा, म्हणजे सभा झाल्यासारखी वाटते. मी नको म्हटलं. न्यूयॉर्कच्या १९६४ च्या जागतिक प्रदर्शनात एटी अँड टी कंपनीने पिक्चरफोन दाखवला होता, बोलताना समोरचा दिसायचा, १९७० साली पिट्सबर्गमध्ये ती सेवा विकायलाही काढली आणि काही वर्षांत गुंडाळली. महाग तर होतीच, पण फोनवर बोलताना आपण दिसलंच पाहिजे अशी हौस लोकांना नव्हती. मला विचाराल तर आजही तेवढी नाहीये. शिवाय आपलाच चेहरा तासभर आरशासारखा समोर ठेवून बोलणं दमवतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या थकव्याची जी चार कारणं मांडली त्यात हे एक आहे, बाकीची म्हणजे सतत डोळ्याला डोळा, एका जागी जखडून बसणं, आणि हावभाव कळवायला-कळून घ्यायला लागणारा जास्तीचा ताण. तर नियम केला: जो बोलतोय त्याने कॅमेरा चालू करावा, बाकीच्यांची मर्जी. आणि स्वतःचं चित्र स्वतःपुरतं लपवायचा पर्याय कुठे असतो ते आधीच सांगून ठेवलं.

पण आवाजाचं तसं सोडून चालत नाही. मागच्या वेळचा प्रतिध्वनी कुठून आला हे शोधायला मी ठरवलं की ज्यांना ज्यांना अडचण आली होती त्यांच्याशी एकेकट्याने दहा मिनिटं चाचणी कॉल करायचा. एकूण चौदा कॉल झाले. कंटाळवाणं काम, पण सगळं खरं ज्ञान तिथेच मिळालं.

त्यातला एक कॉल सांगते. एक काका-काकू आहेत, दोघंही सभासद. काका लॅपटॉपवर आले, त्यांचा आवाज छान, चित्र छान. मी बोलायला लागले की मात्र माझंच वाक्य अर्ध्या सेकंदाने मला परत ऐकू येत होतं. मी म्हटलं, "काका, तुमच्याकडून आवाज घुमतोय." काका म्हणाले, "छे, मला तर एकदम स्वच्छ येतंय." मी परत म्हटलं, ते परत म्हणाले, "अगं तुझ्याच नेटचा प्रॉब्लेम असेल." आणि यात त्यांची चूक नाही, कारण ज्याच्या घरातून प्रतिध्वनी येतो त्याला तो सहसा ऐकू येत नाही, बाकीच्या सगळ्यांना येतो, त्यामुळे "माझ्याकडे तर बरोबर आहे" असं सगळ्यात ठामपणे तोच सांगतो. मग मागून काकूंचा आवाज आला, "मी पण जॉइन झालेय, दिसतेय का?" त्या त्याच खोलीत, सोफ्यावर, फोनवरून.

आता यात होतं काय, तर लॅपटॉपच्या स्पीकरमधून काय वाजतंय हे लॅपटॉपवरच्या ॲपला माहीत असतं, त्यामुळे माइकमध्ये जो आवाज येतो त्यातून तेवढा भाग ते वजा करतं, म्हणून एरवी स्पीकरवर बोललो तरी घुमत नाही. पण शेजारच्या फोनमधून काय वाजतंय ते लॅपटॉपला कसं कळणार? त्याच्या लेखी ते खोलीत बोलणारं एक माणूसच. तो आवाज तो इमानदारीत सगळ्यांना पाठवून देतो. दोन्हीकडचे माइक आणि स्पीकर चालू असतील तर मग ते फिरत राहतं आणि शेवटी ती शिट्टीसारखी किंकाळी ऐकू येते. उपाय सोपा, एका खोलीत एकच उपकरण. मी काकूंना सांगितलं की तुम्ही फोन बंद करून काकांच्याच लॅपटॉपसमोर बसा. आणखी एका जोडप्यालाही हेच सांगितलं. प्रतिध्वनी गेला, मी जाम खूष. हे लक्षात ठेवा, पुढे याच शहाणपणाने मला गोत्यात आणलं.

बाकी कॉलमध्ये निघालेल्या गोष्टी भराभर सांगते. एकांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा, नवे कोरे ब्लूटूथ इअरबड्स होते आणि तरीही. बरेचसे ब्लूटूथ हेडफोन माइक चालू झाला की गाणी ऐकायच्या मोडमधून बोलायच्या मोडमध्ये जातात आणि दर्जा घसरतो. फोनबरोबर पूर्वी मिळायचे ते साधे वायरवाले लावायला सांगितले, फरक त्यांना स्वतःलाच हसू येण्याइतका होता. दुसऱ्या एका सभासदाचं इंटरनेट "शंभरचं" आहे म्हणून ते सांगत होते पण ते शंभर डाउनलोडचे, सभेत आपला आवाज आणि चित्र जातं ते अपलोडवरून आणि ते त्यांच्याकडे फारच बेताचं होतं, वर घरातलं कुणीतरी त्याच वेळी फोटोंचा बॅकअप चढवत होतं. तसं आवाजाला काहीच लागत नाही, शंभर किलोबिटसुद्धा नाही, सगळं खातो तो व्हिडिओ. म्हणून अडखळायला लागलं की पहिलं काम कॅमेरा बंद. आणि राउटर भिंतीपलीकडे असेल तर शक्य तर केबल, नाहीतर राउटरजवळ बसून ५ गिगाहर्ट्झवाला वायफाय, कारण २.४ वर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह अशी सगळ्यांचीच गर्दी असते.

एक आजोबा होते, त्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही. त्यांना फोन नंबर लावून सभेत येता येतं हे मला आधी माहीतसुद्धा नव्हतं. आमच्या झूमवर ती सोय होती, स्टार सहा दाबलं की माइक चालू-बंद, स्टार नऊ दाबलं की हात वर. मी त्यांच्याबरोबर हे चार वेळा करून बघितलं. त्यांनी ते कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलं आणि सभेच्या दिवशी सगळ्यात कमी गोंधळ त्यांनीच घातला.

मग रंगीत तालीम. सभेच्या तीन दिवस आधी आम्ही पाच जण बसलो. कामं वाटून घेतली: मी सभा चालवणार, एकजण दारावर म्हणजे वेटिंग रूममधून लोकांना आत घेणार, एकजण चॅट आणि वर केलेले हात बघणार, एकजण इतिवृत्त लिहिणार, अध्यक्ष अध्यक्ष. दारावरच्याला आणि चॅटवालीला को-होस्ट केलं, म्हणजे माझं नेट गेलं तरी सभा बेवारस होऊ नये. ठरलं असं की मी दोन मिनिटांत परत आले नाही तर चॅटवालीने पुढे चालवायचं, मला शोधत बसायचं नाही. आमचा पाच जणांचा वेगळा ग्रुपही फोनवर उघडा ठेवायचा, सभेतल्या चॅटमध्ये आपसातलं काही लिहायचं नाही.

तालमीत मी स्क्रीन शेअर करून स्लाइड दाखवत होते आणि कोपऱ्यात टपकन नोटिफिकेशन उगवलं. चॅटवालीचाच मेसेज होता, आमच्या त्या ग्रुपवर: "सचिव परत पाल्हाळ लावणार बघ, त्यांना दोन मिनिटंच दे." आणि सचिव, म्हणजेच इतिवृत्त लिहिणारे, समोर बसलेले. ते हसले बिचारे, पण मी मात्र घामाघूम. आणि हो, ते त्याच ग्रुपमध्ये होते, हे तिच्या लक्षातच नव्हतं! तर, पूर्ण स्क्रीन शेअर करायचा नाही, फक्त तेवढी एक विंडो करायची, आणि सूचना बंद. हे प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं असतं आणि प्रत्येकजण एकदा फजिती झाल्यावरच करतो.

सभेचा दिवस. लिंक वीस मिनिटं आधी उघडली. वेटिंग रूममध्ये माणसं जमायला लागली आणि पहिली अडचण, नावं. "आयफोन", "आयफोन", "गॅलेक्सी", "लॅपटॉप-२", परत "आयफोन". झूमने एप्रिल २०२० मध्ये फुकटच्या अकाउंटना पासवर्ड आणि वेटिंग रूम मुळातच चालू करून दिली ती आगंतुक लोक घुसून धिंगाणा घालत होते म्हणून, पण दारावर उभं राहणाऱ्याला तीन आयफोनांतला आपला कुठला हे कसं ओळखायचं? आमच्या दारावरच्याने डोकं चालवलं, एकेकाला आत घेऊन "नमस्कार, कोण बोलतंय?" विचारायचं आणि लगेच स्वतःच नाव बदलून टाकायचं. वीस मिनिटांत ४१ चौकटी झाल्या, सगळ्या नावानिशी. माणसं ४३, कारण दोन चौकटींत जोडपी.

आता जे सांगायचंय ते हे. खोलीत सभा असते तेव्हा कुणी बोलायच्या आधी श्वास घेतो, पुढे सरकतो, चष्मा काढतो, आणि आपल्याला कळतं की याला बोलायचंय. कोण कधी बोलणार हे आपोआप ठरत असतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. दहा भाषांमधल्या संभाषणांवर २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्या मधली फट सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आणि फोन-नेटवर्कसाठी आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची, जी शिफारस आहे त्यात एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक वापराला चालतो असं धरलंय. मग जाऊन-येऊन हिशेब करा, जी काही बारीकशी फट आपल्याला "आता माझी पाळी" असं सांगते तेवढा उशीर नुसत्या वाटेतच होतो. म्हणून दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही बोला", आणि मग दोघं परत एकदम. यात कुणी असभ्य नसतं. जे खोलीत आपोआप होतं ते इथे कुणीतरी हाताने करायला लागतं, एवढंच. मागच्या सभेत ते कुणीच केलं नव्हतं.

त्यामुळे मी रांग लावली. बोलायचं असेल त्याने हात वर करायचा किंवा चॅटमध्ये नुसतं "मी" लिहायचं, चॅटवाली क्रम लावणार, आणि मी प्रत्येक वेळी एक नाव आत्ताचं आणि एक नाव पुढचं सांगणार, "आता जोशी सर, त्यानंतर काकू तयार राहा", म्हणजे पुढचं माणूस आधीच माइकशी झटापट करून ठेवतं. सुरुवातीला हे शाळेसारखं वाटलं, एकदोघं कुरकुरलेही, पण पंधरा मिनिटांनी लोक मागच्या माणसाचं ऐकून बोलायला लागले, कारण आपली पाळी येणार याची खात्री होती, मध्ये घुसायची गरज उरली नव्हती.

दुसरं, शांततेचं. "कुणाला काही प्रश्न?" असं विचारलं की ऑनलाइन सभेत स्मशानशांतता होते आणि आपण घाबरून तीन सेकंदांत "बरं, मग पुढे जाऊ" म्हणतो. समोरचा बिचारा अजून म्यूटचं बटण शोधत असतो. मी मनात दहापर्यंत आकडे मोजायचे असं ठरवलं होतं. दहा म्हणजे जीवघेणं लांब वाटतं हो, सहाव्या आकड्याला मला स्वतःलाच काहीतरी बोलावंसं वाटायचं. पण जवळजवळ प्रत्येक वेळी सात-आठच्या सुमाराला कुणाचा तरी हात वर आला. आणि प्रश्नही बदलला, "सगळ्यांना मान्य आहे ना?" न विचारता "कुणाला हे पटत नाहीये?" असं विचारलं. पहिल्या प्रश्नाला गप्प राहणं म्हणजे होकार, दुसऱ्याला निदान तोंड उघडायला जागा मिळते.

पंचेचाळीस मिनिटांनी पाच मिनिटं सुट्टी दिली. अध्यक्षांना भीती होती की लोक पळून जातील. दोघं गेले खरे, पण परत आले.

आणि मग मुदतीच्या ठरावावर मतदान. पोल आधीच तयार करून ठेवला होता, बटण दाबलं, लोकांनी मतं दिली, निकाल स्क्रीनवर: हो २०, नाही १७. मी जाहीर करायला तोंड उघडलं आणि सचिवांनी, त्याच पाल्हाळवाल्या सचिवांनी, शांतपणे विचारलं, "बेरीज सदतीस येतेय. आपण त्रेचाळीस आहोत ना?"

माझ्या पोटात गोळा. सहा मतं कुठे गेली? फरक तीनचा, गायब सहा. म्हणजे निकाल उलटू शकत होता. आणि मी ते चाळीस डोळ्यांसमोर, खरं तर ऐंशी, बोटांवर मोजायला लागले. फोनवरून आलेले आजोबा, त्यांना पोल दिसतच नव्हता, एक. मी होस्ट, आमच्या सेटिंगमध्ये मला मत देताच येत नव्हतं, दोन. दोघे को-होस्ट, तेही तसेच, चार. आणि उरलेले दोन? ते माझे प्रतिध्वनी-निवारणाचे बळी! एका खोलीत एकच उपकरण म्हणून मीच बसवलेली दोन जोडपी, माणसं चार, चौकटी दोन, मतं दोन. काकू म्हणाल्या, "मी यांना सांगत होते की माझं वेगळं घे, तर हे म्हणाले दाबलंय मी." तर त्या एका मताबद्दलही घरात एकमत नव्हतं.

मी म्हटलं सहाजण तोंडी मत सांगूया. तेव्हा चॅटवाली, जी स्वतः त्या सहांत होती, म्हणाली, "म्हणजे सदतीस जणांची मतं गुप्त आणि आमचं सगळ्यांना कळणार?" बरोबर होतं तिचं. यावर मला काही सुचेना, त्यावेळी मोजलेले दहा आकडे खरे तर दहा नव्हते, वीस असतील. शेवटी असं केलं की ज्यांना टाइप करता येतंय त्यांनी फक्त सचिवांना खाजगी चॅट पाठवायचा, काकूंनी आणि दुसऱ्या ताईंनी स्वतःच्या हाताने टाइप करायचं, घरच्यांनी दुसरीकडे बघायचं, आणि आजोबांना विचारलं की तुम्हाला सभेनंतर फोन करून विचारलं तर चालेल का. आजोबा म्हणाले, "मला काय लपवायचंय, माझं नाही आहे." सहांत तीन हो, तीन नाही. २३ विरुद्ध २०. निकाल तोच राहिला. पण नसता राहिला तरी मी आधी वीस-सतराच जाहीर केलं असतं, आणि ते मला अजून अधूनमधून आठवतं.

पुढच्या दोन ठरावांना पोल वापरलाच नाही. सचिवांकडे सभासदांची यादी होती, चौकटींची नाही, माणसांची, त्यावरून नावं पुकारली आणि प्रत्येकाने हो-नाही सांगितलं. ते दोन्ही विषय तसे वादाचे नव्हते म्हणून चाललं. वेळ लागला, सात-आठ मिनिटं एकेका ठरावाला. पुढच्या वर्षी गुप्त मतदान असेल तर सभेच्या आधी प्रत्येक सभासदाला ईमेलवर वेगळी लिंक जाईल आणि आजोबांसाठी फोन, हे तेव्हाच लिहून घेतलं.

रेकॉर्डिंग आम्ही केलं होतं, सुरुवातीलाच विचारून. नंतर ते किती जणांनी बघितलं? दोघांनी, त्यातली एक मी. लोकांनी वाचलं ते सचिवांचं एका पानाचं इतिवृत्त, जे त्यांनी त्याच रात्री पाठवलं: तीन प्रश्न, तीन निकाल, कुणी काय कधीपर्यंत करायचं. पाल्हाळ अजिबात नाही. चॅटवालीने त्यांना ग्रुपवर जाहीर सॉरी म्हटलं, यावेळी मात्र मुद्दाम, त्याच ग्रुपवर.

सभा ठरल्या वेळेपेक्षा बारा मिनिटं उशिरा संपली. अध्यक्षांनी समारोप केला, सगळ्यांनी हात हलवले, आणि माझा कर्सर "सगळ्यांसाठी सभा बंद करा" या बटणावर होता. पण बघितलं तर सात-आठ चौकटी तशाच. कुणी जात नव्हतं. काकू कुणाला तरी विचारत होत्या, "मुलगी कशी आहे गं?" आणि आजोबांनी स्टार सहा दाबून विचारलं, "संपलं का? कोण कोण आहे अजून?"

मी काकांना होस्ट केलं आणि गुपचूप बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी अकाउंटवरची नोंद बघितली, सभा मी गेल्यानंतर आणखी एक तास दहा मिनिटं चालू होती.